वडप्याच्या पोरांच्या भाषा

मुंबईहून नाशिककडे जाणारे दोन रस्ते वडप्याला एकत्र येतात. एक जुना, ठाण्याहून भिवंडी शहराच्या पोटातून येणारा. दुसरा माजिवड्याहून खाडी ओलांडून माणकोली, रांजणोलीवरून येणारा महामार्ग. २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, तोही जवळच्याच आमण्याला येऊन थांबला. रस्त्यांच्या या गाठीभोवती भाताची खाचरे जाऊन गोदामे उभी राहिली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण बंदराच्या आणि बाजाराच्या हाताशी असलेली ही जमीन व्यापाऱ्यांना सोयीची होती. २०१७ साली जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. त्यांच्याबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा इथली माणसे आली, आणि काही जण बायकापोरांसह राहिले.

आज या पट्ट्यात चार वर्षांचे मूल दिवसभरात काय काय ऐकते? शेजारच्या आगरी आजीची हाक, आईची भोजपुरी, ट्रकवाल्यांची हिंदी, अंगणवाडीतल्या बाईंची मराठी. वर्षभरात ते मूल यातले बरेच काही बोलू लागते, आणि कोणाशी काय बोलायचे हेही त्याला कळते. याचे श्रेय गोदामांना देण्याचा मोह होतो, पण ही रीत गोदामांहून फार जुनी आहे. भिवंडी तालुक्यात एकाच भाषेत वाढणे हा कधीच नियम नव्हता.

मागे जायचे तर शिलाहारांपर्यंत जाता येते. याच तालुक्यातल्या लोणाड परिसरात शिलाहार राजांचे शिलालेख सापडले. उत्तर कोकणच्या त्या राजवटीत दगडावरचा मजकूर संस्कृतात कोरला जाई; पण ११८७ सालच्या परळच्या शिलालेखात शेवटची शापवाणी मराठीत आहे. दान मोडणाऱ्याला धाक घालायचा, तर तो त्याला समजेल अशा भाषेत घालायला हवा, इतका साधा हिशेब त्यामागे असावा. एकाच दगडावर दोन भाषा, आणि प्रत्येकीचे काम वेगळे. पुढच्या आठ शतकांत भाषा बदलल्या, पण कामांची ही वाटणी या प्रदेशात टिकून राहिली.

या बोलींची पहिली पद्धतशीर नोंद इंग्रजी अमदानीत झाली. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. बोलीबोलींत तुलना करता यावी म्हणून सर्वेक्षणाने सगळीकडे एकच गोष्ट सांगून घेतली होती, बायबलातल्या उधळ्या मुलाची. त्या खंडात कोकणातल्या बोलींची रांगच लागते: कोळी, आगरी, कुणबी, परभी, ठाकरी, कातकरी, वारली, वाडवळी, सामवेदी. ण चा न होतो, ळ चा ल होतो, ड च्या जागी र येतो, शब्दारंभीच्या ‘वि’ मधला व गळतो, हे सगळे त्यात टिपलेले आहे. पाणी हे ‘पानी’ आणि गाडी ही ‘गारी’ का, याचे उत्तर तिथे नियम म्हणून सापडते. शाळेच्या फळ्यावर मात्र तेच चूक म्हणून खोडले गेले.

आगरी घरातल्या पोराला ‘बाण’ म्हणता येत नाही, त्याची जीभ जड आहे, हा शेरा या भागातल्या कितीतरी पिढ्यांनी ऐकला. जीभ जड नसतेच. गोष्ट कानापासून सुरू होते. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी त्यांनी निवडले होते हिंदीतले ट आणि त. इंग्रजीभाषक घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हे दोन ध्वनी सहज वेगळे ओळखत होती. वर्षाची होत आली तशी बहुतेकांची ती क्षमता ओसरली. त्याच वयाच्या हिंदीभाषक घरांतल्या बाळांची मात्र शाबूत राहिली. जन्माला आलेले मूल जगातल्या बहुतेक भाषांचे ध्वनी पारखू शकते, आणि पहिल्या वर्षातच घरात जे भेद कामाचे आहेत त्यांवर कान रोखते. ज्या घरात न आणि ण यांचा भेद अर्थाला लागत नाही, तिथल्या बाळाचा कान तो बाजूला ठेवतो, म्हणजे आपले काम चोख करतो. पुढे शाळेत ण ऐकायला मिळाला, म्हणायला मिळाला, की बहुतेक मुले तो शिकतात. त्यासाठी ‘पानी’ची लाज वाटावी लागत नाही.

ही लाज आली कुठून, याचा माग एकोणिसाव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत जातो. १८२० च्या दशकात मुंबईत हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळीने मराठी शालेय पुस्तके काढायला सुरुवात केली. कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली, १८३१ साली मोल्सवर्थचा शब्दकोश आला, आणि पुढे मेजर थॉमस कँडी यांच्या नजरेखालून सरकारी क्रमिक पुस्तके जाऊ लागली. छापील मराठीची घडी त्यांनी बसवली, विरामचिन्हांची शिस्त लावली. हे काम मोठे होते. पण आदर्श म्हणून समोर होती पुण्याकडच्या शिकल्यासवरल्या वर्गाची भाषा. साऱ्या मुंबई इलाख्याची मराठी मुले तेच पुस्तक उघडू लागली, आणि भिवंडीच्या खाडीकाठच्या मुलासाठी शाळेतली मराठी पहिल्याच दिवशी दुसरी भाषा झाली. तिला दुसरी भाषा म्हणून शिकवावे, असे कोणाच्या मनात आले नाही. ती त्याची मातृभाषाच आहे असे धरले गेले, आणि जे जमेना ते त्याच्या अडाणीपणाच्या खात्यावर मांडले गेले.

मातृभाषेच्या बाजूने जो पहिला मोठा झगडा झाला, त्यातही हीच गोम होती. १८४७ साली मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमावरून वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी होते. त्यांच्या समोर उभे राहिले जगन्नाथ शंकरशेट, ज्यांच्या घराण्याचे मूळ याच ठाणे जिल्ह्यातले मुरबाड. ज्ञान बहुजनांपर्यंत जायचे तर ते त्यांच्याच भाषेतून जाईल, अशी त्यांची मांडणी होती. मंडळात त्यांच्या बाजूला महंमद इब्राहिम मकबा हेही होते. मकबा हे कोकणी मुसलमान, आणि त्यांनीच १८२३ साली ‘तोहफा-ए-एल्फिन्स्टन’ हे हिंदुस्तानीचे व्याकरण लिहिले होते. त्यांच्या समाजाच्या घरात मराठीची कोकणी बोली, नमाजात अरबी, विद्वत्तेला फारसी, बाजारात हिंदुस्तानी असे. ‘मातृभाषा’ या एकवचनी शब्दात अशा घरातले मूल पुरते मावत नव्हते. शंकरशेटांची बाजू न्यायाचीच होती. प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून राहिले, हे त्या झगड्याचेही फळ. पण गावोगावच्या बोलींचा प्रश्न त्यात आला नाही, आणि नंतरही फार काळ आला नाही.

भिवंडी तेव्हा कामवारीच्या खाडीवरचे व्यापारी गाव होते. इथल्या कोकणी मुसलमानांची मराठी ही आगऱ्या-कोळ्यांच्या मराठीची सख्खी बहीण. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतले मोमीन विणकर आपले माग सोडून दक्षिणेकडे निघाले आणि मालेगाव, भिवंडीला ठरले. आझमगड, बनारसकडची त्यांची पुरबी बोली आणि लिहिण्यावाचण्याची उर्दू त्यांच्याबरोबर आली. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, आणि तेलंगणातले पद्मशाली विणकरही मोठ्या संख्येने आले. शहरातले पद्मानगर त्यांचेच. गुजराती, मारवाडी व्यापारी सूत आणि कापडाच्या धंद्यात होतेच.

या शहरात मूल भाषा कशी उचलायचे, हे समजून घ्यायला एका फ्रेंच माणसाची आठवण उपयोगी पडते. जूल रोंजा या भाषाशास्त्रज्ञाने १९१३ साली आपल्या मुलाच्या, लुईच्या भाषावाढीचे पुस्तक प्रसिद्ध केले. बाप फ्रेंचच बोलणार, आई जर्मनच बोलणार, असा त्या घरातला नेम. ‘एक माणूस, एक भाषा’ हे सूत्र तिथूनच युरोप-अमेरिकेतल्या सुशिक्षित घरांत रुजले. भिवंडीत असा नेम कोणी केला नव्हता. इथे भाषा माणसापेक्षा जागेला आणि कामाला बांधलेली होती. घरात तेलुगू, मागावर हिंदी, सायझिंगच्या मुकादमाशी उर्दूकडे झुकलेली हिंदी, कचेरीत आणि एसटी स्टँडवर मराठी. बापाला जेवणाचा डबा पोहोचवायला गेलेला पोरगा ताणा-बाणा, कांडी, बीम हे शब्द आधी कारखान्यात ऐकायचा, आणि ते नेमके कुठल्या भाषेचे याची त्याला फिकीर नसे. मुले याबाबतीत विलक्षण चाणाक्ष असतात. दोन वर्षांच्या आसपासची द्विभाषक मुलेही समोरचा माणूस पाहून भाषा निवडतात, हे फ्रेड जेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियलमध्ये दाखवून दिले आहे. दोन भाषा मिसळून बोलणारे मूल गोंधळलेले असते, ही समजूत त्या अभ्यासांपुढे टिकत नाही. मिसळतानाही मुले बहुधा दोन्ही भाषांचे व्याकरण सांभाळतात.

महाराष्ट्रातच याहून थक्क करणारे उदाहरण आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर एक निबंध प्रसिद्ध केला. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत तो आजही शिकवला जातो. तिथे कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू शतकानुशतके शेजारी नांदल्या. त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतले वाक्य दुसरीत शब्दास शब्द लावून सांगता येई. शब्द मात्र आपापले राहिले. जैन घरात कन्नडच, मुसलमान घरात उर्दूच. शेजाऱ्यांशी रोज दुसऱ्या भाषेत बोलूनही घरची भाषा कोणी टाकली नव्हती, कारण टाकावी असे कोणी सुचवलेच नव्हते. मुले दोन-तीन भाषांत वाढत, पण एकीसाठी दुसरीचा बळी पडत नसे.

भिवंडीत तो समतोल तितका टिकला नाही. कोकणी मुसलमानांच्या मुलांसाठी उर्दू शाळा निघाल्या, शिक्षणाची आणि प्रतिष्ठेची भाषा उर्दू झाली, आणि कोकणी बोली घराच्या आतल्या खोल्यांत मागे सरकली. आगऱ्यांच्या घरात हेच काम पुस्तकी मराठीने केले. बालभारती आज मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी अशा आठ भाषांत पाठ्यपुस्तके काढते. १९६७ पासून ही संस्था हे काम करते आहे आणि देशात अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. भिवंडीसारख्या शहराला तिचा मोठा आधार. पण आगरी, कातकरी, भोजपुरी या आठांत नाहीत.

तरीही बोली जगल्या, आणि त्या जगवल्या बायकांनी. आगरी लग्नात धवलारीण असते. हळदीपासून प्रत्येक विधीला ती धवले गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागले असे जुनी माणसे मानत नसत. हे गाणे कागदावर नव्हते, तोंडी होते. मांडवात खेळणाऱ्या, आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या मुलींनी ते ऐकून ऐकून उचलले आणि त्यातल्याच काही पुढे धवलारिणी झाल्या. भाषा शिकण्याची ही सर्वांत जुनी शाळा, आणि तिच्यात चूक काढणारे कोणी नव्हते.

औपचारिक शाळेने मुलाच्या बोलीकडे वळून पाहिले तेही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते. गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून त्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी लिहीत. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणूजवळ बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. शिक्षिका पाड्यावर गेली की तिला पाड्याची बोली ऐकावी लागते, समजून घ्यावी लागते; शाळेच्या चार भिंतींत ती गरज पडत नाही. कोसबाडचा खरा धडा हा आहे. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द पोहोचला तितकी बोली ऐकून घेण्याची ती सवय पोहोचली नाही, ही खंत वाटल्यावाचून राहत नाही.

त्या सवयीचा धागा भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर पुन्हा हाती लागतो. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे पाडे सोडून भट्ट्यांवर येतात आणि पुढचा पाऊस जवळ आला की परततात. मुलांची शाळा ऐन मधल्या महिन्यांत सुटते. वज्रेश्वरीजवळ उसगावला असलेल्या विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्टीवरच शाळा भरवल्या. मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगा शाळा. केंद्राने ज्यांना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरले आहे, त्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी कातकरी एक. त्यांच्या मुलाला दोनदा भाषा बदलावी लागते: पाड्यावरून भट्टीवर आणि भट्टीवरून वर्गात. भट्टीवरची त्याची मराठी आणि हिंदी कामापुरती चोख असते. धड्यातल्या मराठीशी तिची ओळखच करून दिलेली नसते.

दोन भाषा मुलाच्या डोक्याला भार होतात, हा समज केवळ आपल्याकडचा नाही. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या मुलांच्या चाचण्यांवरून द्विभाषक मुले मागे पडतात असा निष्कर्ष काढला, आणि तो चाळीस वर्षे पुस्तकांतून फिरला. १९६२ साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमध्ये दोन्ही गटांची आर्थिक परिस्थिती सारखी धरून तुलना केली, तर द्विभाषक मुले उजवी ठरली. आपल्या देशात अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कंध मुलांचा अभ्यास केला. कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुले, कुई गमावून फक्त ओडियावर आलेल्या मुलांपेक्षा भाषेबद्दलच्या विचारात सरस निघाली. दोन्ही गट एकाच समाजातले होते. घरची भाषा सोडून शाळेची भाषा सुधारते, या आशेला त्या अभ्यासात आधार मिळाला नाही.

आणि नेमकी हीच आशा आज भिवंडीच्या गावांत घराघरात आहे. जमिनी विकल्या गेल्या, हाती पैसा आला, मुले इंग्रजी माध्यमात गेली. आईबाप आपसात आगरी बोलतात आणि मुलाकडे वळले की ठरवून मराठी किंवा हिंदी बोलतात. अशाने काय होते हे बेल्जियमच्या आनिक दे हाउवर यांनी मोजले आहे. फ्लँडर्समधल्या सुमारे १,९०० द्विभाषक कुटुंबांच्या पाहणीत जवळपास चौथ्या हिश्श्याच्या कुटुंबांतली मुले घरची भाषा बोलतच नव्हती. कोणत्या घरात ती टिकली? दोघेही आईबाप ती बोलत आणि शाळेची भाषा घरात एखादाच वापरत असे किंवा कोणीच नसे, तिथे सर्वांत जास्त. शाळेची भाषा तर बहुतेक सगळीच मुले बोलत होती. तिला घरात वेगळी जागा करून द्यावी लागत नाही, ती बाहेरून येतेच. घरची भाषा मात्र घरातूनच येते, दुसरा रस्ता तिला नाही. गेल्या काही वर्षांत आगरी तरुणांनी बोलीचे वर्ग भरवले, आगरीत लिहायला, गायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना आधी हेच समजून घ्यावे लागले की शिकायला येणाऱ्यांना आगरी कळते, पण बोलायला तोंड उघडत नाही.

२०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर महाराष्ट्र ढवळून निघाला. १६ एप्रिलचा शासन निर्णय आला, जूनमध्ये त्यात बदल झाला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. मराठीच्या बाजूने उठलेला आवाज रास्त होता. कोवळ्या मुलावर वरून भाषा लादू नये, हे तत्त्व त्यात होते. ते तत्त्व वडप्याच्या शाळेपर्यंत नेले तर त्याला आणखी एक पदर जोडावा लागेल. पहिलीत बसलेल्या आगरी मुलीला ‘पानी’ म्हणू द्यायचे, आणि त्यावरून ‘पाणी’कडे न्यायचे. शेजारच्या बाकावरच्या भोजपुरी मुलाला मराठी शिकवायची ती त्याची दुसरी भाषा म्हणून, आधी कानाने, मग तोंडाने, आणि मग कागदावर. भट्टीवरून मधल्या महिन्यात आलेल्या कातकरी पोराला वर्गात त्याचे चार शब्द ओळखणारी बाई भेटावी. आगरी, कातकरी बोलींत पहिल्या दोन वर्षांसाठी गोष्टींची पुस्तके छापणे हे बालभारतीला अवघड नाही. आठ भाषांचा अनुभव तिच्या गाठीशी आहे. अंगणवाडीतली सेविका तर बहुतेक ठिकाणी गावातलीच बाई असते. तिला गावाची बोली येतेच. ती वर्गात बोललेली चालेल, एवढे तिला वरून कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.